झिपरीची राखण

१

देवकाबाईंच्या घरी कोणी बाई आली, की चहाच्या आधी नातीचं कौतुक पुढे यायचं.

"हे पाय वं पंचफुला, आमची खुशी. आता चार वर्साची होईल. जिथं बसवली तिथं बसते. उठ म्हटल्याबिगर उठत नाई. लेकरू असावं तं असं."

शेजारच्या वावरातली पंचफुला ओट्यावर टेकली आणि खुशीकडे बघत राहिली. खुशी मांडी घालून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून अंगणाकडे तोंड करून बसली होती.

"बाई माय! आन् आमचे पोट्टे पाय. काल टीव्हीच पाडला. तुमच्या सुनेनं काय जादू केली बाप्पा? मास्तरीण होती ना, बरोबर वळण लावलं."

चहाचा ट्रे घेऊन प्रेरणा दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. बघणाऱ्याला तो विनय वाटला. होती ती शरम. पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि हल्ली प्रेरणा त्याचा फायदा घ्यायला शिकली होती.

पंचफुलाच्या हातून बिस्किट सुटलं आणि घरंगळत खुशीपासून दीड हातावर जाऊन थांबलं. खुशीनं बिस्किटाकडे पाहिलं. मग अंगणात कडुनिंबाखालच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. परत बिस्किटाकडे पाहिलं.

"घे ना वं, तुयंच हाय," पंचफुला म्हणाली.

खुशी पुढे वाकली. हात लांबवला. मध्येच एका ठिकाणी तो हात थबकला. तिनं तो हळूच मागे घेतला आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवून दिला. आपल्याकडे कोणी रोखून बघत असलं, की माणूस करतो ना, तसा.

"किती गुणाची!" पंचफुला म्हणाली.



२

झिपरी या घरात आली तेव्हा सगळं गाव हसलं होतं.

जाम गावच्या चौकापासून पाच-सहा किलोमीटर आत, वावरातच त्यांचं घर. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक असा रोजचा भाजीपाला. त्याच्या जोडीला प्रेरणाच्या नवऱ्यानं, निकेशनं, चाळीस बकऱ्या घेतल्या आणि त्यांच्यामागे दिवसभर फिरायला माणूस मिळेना. मग त्यानं पंधरा दिवस मोबाइलवर परदेशातली मेंढरं वळणारी कुत्री पाहिली, आणि सोळाव्या दिवशी नागपूरहून तसल्या जातीचं पिल्लू घेऊन आला. काळं-पांढरं, अंगभर लांब केस. कागदावर तिचं नाव लूना होतं. देवकाबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, "हे कोण झिपरी आणली?" आणि ते कागदावरचं नाव कागदावरच राहिलं.

दूध न्यायला येणारे बंडूजी तर पिल्लाभोवती एक चक्कर मारूनच बोलले, "निकेश, बकऱ्या राखाले इंग्रजी मीडियमचं कुत्रं आणलं काय गा? अॅडमिशन फी किती लागली?"

वर्षभरात हसणं बंद झालं. झिपरी भुंकायची नाही, चावायची नाही. बकऱ्यांना लांबून वळसा घालून ती पुढे जायची, पोट जमिनीला लावून दबकायची आणि नुसती बघायची. चार कुंपणं तोडलेली दांडगी बकरीसुद्धा उचललेला पाय परत तिथंच ठेवायची. निकेश तिला दोनदा नागपूरला स्पर्धेला घेऊन गेला. तिथं उड्या होत्या, कापडी बोगदा होता, आणि शेवटी सहा बदकं न घाबरवता खुराड्यात घालायची होती. झिपरीचा दुसरा नंबर आला. कप टीव्हीच्या वर ठेवला गेला.

हे सगळं तोंडानं मारलेल्या शिटीवर चालायचं. दोन आखूड शिट्या म्हणजे आण. एक लांब, शेवटी उतरत जाणारी शिटी म्हणजे राख. आहे तिथंच धरून ठेव, कोणाला हलू देऊ नको. सोडवायला मात्र शिटी नव्हती. नीट उभं राहून, छाती भरून म्हणायचं, "झालं! ये!" आणि डाव्या मांडीवर थाप मारायची. मग झिपरी सगळं सोडून यायची आणि डाव्या पायाला अंग लावून बसायची. पुढचं काम सांगेपर्यंत तोंडाकडे बघत.

नागपूरच्या शिकवणाऱ्या माणसानं एकच नियम बजावून सांगितला होता. "जिसने रोका, वही छोड़ेगा. दूसरा बोलेगा तो छूटना नहीं चाहिए. नहीं तो कुत्ता बिगड़ जाता है."

निकेशनं हे मनावर घेतलं होतं. एकदा त्यानं मुद्दाम बकऱ्या राखायला लावल्या आणि प्रेरणाला म्हणाला, "आता तू सोडवून पाय." प्रेरणानं हाक मारली. झिपरीचा फक्त एक कान हलला.

"पाह्यलं?" निकेश फुशारकीनं म्हणाला. "मी मेलो ना, तरी हे तिथंच बसून राहीन."

प्रेरणा एम.एस्सी. झूलॉजी. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेची मुलगी, वर्ध्याच्याच एका शाळेत दोन वर्षं शिकवलेली. उपजत प्रवृत्तीवर तिनं दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आणि शिटी तर तिला लहानपणापासूनच यायची. आई ओरडायची त्यावरून.

३

खुशी त्या वेळी वेगळी होती. सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचं, ते झोपेपर्यंत मिटत नसे. पळणं, पडणं, रडणं, पुन्हा पळणं.

आणि प्रेरणाच्या डोक्यात तर या वावरातल्या धोक्यांची यादीच तयार होती. विहीर, मोटारीचा स्टार्टर, फवारणीचे डबे, बकऱ्यांची टाकी, कुंपणाची तार. पोरगी झोपली की ती नाकासमोर बोट धरून श्वास बघायची. इतर आया असं करत नाहीत हे तिला ठाऊक होतं. इतर आया सकाळी अकरा वाजताच थकून बसत नाहीत, असंही तिला वाटायचं.

फेब्रुवारीत एक दिवस खुशी पाचव्यांदा स्टार्टरकडे पळाली. प्रेरणाचे हात कणकेत. दारात झिपरी लोळत होती. प्रेरणानं विचार न करता शिटी मारली. लांब, शेवटी उतरत जाणारी.

झिपरी उठली. अंगणातून मोठा वळसा घेऊन ती खुशीच्या पुढे गेली आणि दबकली. खुशी थांबली. मग खाली बसली. रडणंसुद्धा थांबलं.

दहा मिनिटांत पोळ्या झाल्या. प्रेरणा हात पुसत बाहेर आली, मांडीवर थाप मारून म्हणाली, "झालं! ये!" झिपरी येऊन पायाला टेकली. खुशीनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तो खेळ होता.

होळीपर्यंत रोजची दहा मिनिटं झाली. गुढीपाडव्यापर्यंत अर्धा तास. देवकाबाई भाजी तोडायला वावरात, निकेश हिंगणघाटच्या बाजारात, तेव्हाच फक्त. प्रेरणानं कोणाला सांगितलं नाही. यात काही वाईट नाही, तर मग सांगत का नाही, असं तिनं स्वतःला विचारलं नाही. वर्गात मुलांना ती याच्यापेक्षा अवघड प्रश्न विचारायची.

मे महिन्यातला तो दिवस. रात्रभर उकाड्यानं खुशी झोपली नव्हती, आणि तिनं प्रेरणालाही झोपू दिलं नव्हतं. साडेअकराला प्रेरणानं तिला कडुनिंबाखाली बसवलं आणि शिटी मारली. "पाच मिनिटं फक्त," असं ती झिपरीला म्हणाली. कुत्र्याला सांगावं तसं नाही, शेजारणीला सांगावं तसं. आत येऊन कूलर लावला. दार लावून घेतलं. गरम हवा आत येऊ नये म्हणून, असं नंतर तिनं स्वतःला समजावलं. त्या कूलरच्या घरघरीत दारापुढून ट्रॅक्टर गेला तरी कळायचा नाही.

जाग आली तेव्हा अडीच वाजले होते.

कडुनिंबाची सावली सरकून पार दुसऱ्या अंगाला गेली होती. खुशी सावलीच्या बरोबर मधोमध बसलेली होती. म्हणजे सावलीबरोबर तीही सरकली होती. सरकवली गेली होती. धुळीत अर्धवर्तुळं उमटली होती, पोट घासत गेल्यासारखी. एकाच्या पुढे एक, सावलीच्या कडेकडेनं. झिपरीचं पाण्याचं पत्र्याचं टोपलं खुशीच्या मांडीपाशी होतं. रिकामं. पाणी खुशी प्यायली होती.

झिपरी सावलीच्या बाहेर होती. उन्हात. पुढचे पाय लांब, हनुवटी पायांवर, डोळे उघडे आणि खुशीवर. डोळ्यांच्या कोपऱ्यात मुंग्या लागल्या होत्या.

"मम्मी," खुशी कुजबुजली, "हळू बोल. झिपरी पाहून राह्यली."

४

प्रेरणानं मुलीला आत नेलं. अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, फ्रॉक बदलला. पोरीचं अंग गरमसुद्धा नव्हतं. मग ती परत बाहेर गेली, टोपलं धुतलं, पाण्यानं भरलं आणि झिपरीच्या तोंडाजवळ ठेवलं. ते तिनं किती शांतपणे केलं, हे तिला अजून भांडी घासताना आठवतं आणि हात थांबतो.

मग फोन लावला. "अहो, झिपरीला काहीतरी चावलं वाटतं. साप असेल."

निकेश हमसून हमसून रडला. बोरीच्या झाडाखाली त्यानं एकट्यानं खड्डा खणला. दुसऱ्या दिवसापासून तो साप शोधायला लागला. कुंपणाकडेचं गवत कापलं. दगड उलटे केले. सरपणाला रचलेला पऱ्हाट्यांचा ढीग एकेक काडी करून हलवला, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात. हातांवर ओरखडेच ओरखडे. देवकाबाई रोज कुंपणापाशी दुधाची वाटी ठेवून हात जोडायच्या.

"माह्यी चूक झाली," निकेश म्हणायचा. "हे गवत आंधीच कापाले पाह्यजे होतं."

प्रेरणा त्याच्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन उभी असायची.

"पण एक हाय," पाणी पिऊन तो म्हणायचा. "झिपरी होती म्हणून आपली पोरगी वाचली. जीव गेला तरी ते सरकली नसंल, पाय."

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. म्हणूनच तिला तिथं उभं राहवत नसे.

५

खुशी उठेनाशी झाली, ते आधी प्रेरणाला नैसर्गिकच वाटलं. लेकरानं मेलेलं जनावर पाहिलं, धसका घेतला. शिवाय सवय. सवय लावणारी गोष्ट गेली, की सवय हळूहळू विरत जाते, हे तिनं वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. दोन-तीन आठवडे लागतील.

शाळेच्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानांवर ती टिपून ठेवायला लागली. चौथा दिवस: कुंपणापर्यंत जाते, फाटकाबाहेर नाही. नववा दिवस: अंगणात उतरत नाही, ओटाभर फिरते. पंधरावा: अर्धा ओटा. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की हे विरत नाहीये. आवळत चाललंय.

बकऱ्यांचंही काहीतरी बिनसलं होतं. सकाळी फाटक उघडलं की त्या आधी कडुनिंबाखालून सरळ जायच्या. आता मध्ये अर्धगोल जागा सोडून, एकामागे एक, कडेकडेनं जायच्या.

"वास येत असंल तिचा," निकेश म्हणाला आणि डोळे पुसले.

प्रेरणानं मुलीला घेऊन माहेर गाठलं. वावर सुटलं की हेही सुटेल, असा तिचा हिशोब. एस.टी.त खुशी खिडकीपाशी बसली आणि वर्धा येईपर्यंत तिनं बाहेर पाहिलं नाही. दोन सीटांच्या मधल्या, पाय ठेवायच्या जागेकडे बघत राहिली. कंडक्टर म्हणाला, "लय शानी पोरगी हाय तुमची, मॅडम."

बहीण सपना म्हणाली, "काय झालं गं हिला? आधी तर आमची भांडी लपवावी लागायची." ती दोघींना वर्ध्यातल्या एका मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वजन केलं, कान पाहिले, जीभ पाहिली.

"काही नाही. मोबाइल कमी द्या."

"ती मोबाइल बघत नाही, डॉक्टर."

"मग तुम्ही कमी बघा," डॉक्टर हसून म्हणाले. प्रेरणाही हसली. बाहेर येऊन तिनं सपनाच्या स्कूटीला टेकून थोडा वेळ डोळे मिटले.

सिंदी मेघेच्या त्या दोन खोल्यांत खुशी पलंगावरून उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गादी ओली केली. चार वर्षांची होत आलेली पोरगी. वर्षभरात असं झालं नव्हतं.

"सांगायचं ना बेटा. बाथरूम तर समोर आहे."

"मले जाऊ देत नाई."

"कोण?"

पलंगासमोरच्या फरशीकडे बघून खुशीनं पाय आणखी जवळ ओढले.

दुपारी आई आणि सपना झोपल्या होत्या. कूलर चालू होता. प्रेरणा गादी उन्हात टाकून आली, आणि तिला वाटलं कूलरच्या घरघरीत आणखी एक आवाज मिसळलाय. भरभर, कोरडा, तोंड उघडं टाकून धापा टाकल्यासारखा. पंप अडकला असेल. पाणी संपलं असेल. तिनं जाऊन बटण बंद केलं.

पातं मंदावत मंदावत थांबलं. कूलर गप्प झाला.

दुसरा आवाज मात्र जरासा उशिरा थांबला.

६

काय करायला पाहिजे, हे तिला पंधराव्या दिवशीच कळलं होतं. डायरीत तेवढंच तिनं लिहिलं नव्हतं.

एम.एस्सी. झालेल्या बाईनं मेलेल्या कुत्रीला सुट्टी द्यायची. हे कोणी ऐकलं तर हसेल, हे एक. पण हसण्याची भीती खरी नव्हती. खरी भीती अशी, की ते दोन शब्द मोठ्यानं म्हटले की या घरात फक्त एकालाच त्याचा अर्थ कळणार होता. जिसने रोका, वही छोड़ेगा. निकेशला पुढचं काही सांगावं लागलं नसतं.

म्हणून तिनं आधी आईच्या घरीच करून पाहिलं. पलंगाजवळ बसून, ओठांतल्या ओठांत, "झालं. ये." काही नाही. मग थोडं मोठ्यानं. शेजारच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, म्हणून त्याहून मोठ्यानं नाही. खुशीचे डोळे एकदा लवले आणि पुन्हा फरशीवर खिळले. प्रेरणाला वाटलं, फरशीवर कुठंतरी एक कान हलला असेल. आणि मग तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ती उठून कारण नसताना गॅस पुसायला लागली.

वावरात परत आल्यावर एका दुपारी देवकाबाईंचा डोळा लागलेला पाहून तिनं पुन्हा धीर केला. खुशी आता दिवाणावरच असायची. तिथंच जेवण, तिथंच झोप. प्रेरणा उभी राहिली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज काढला. "झालं, ये." मांडीवर थाप मात्र मारली नाही. हात तिथपर्यंत गेला आणि ओढणीशी चाळा करत राहिला.

निकेश दारातून डोकावला. "कोणाले बोलावलं वं?"

"खुशीला. जेवायला."

"येते काय?"

"नाही."

तो गेला. प्रेरणानं दिवाणाकडे पाहिलं. मघापर्यंत खुशीचे पाय सरळ होते. आता तिनं गुडघे छातीशी घेतले होते आणि फ्रॉकचा घेरही आत ओढून घेतला होता. कडेला काही लागेल म्हणून जपतात, तसा.

७

वाढदिवसाला सपना वर्ध्याहून केक घेऊन आली. देवकाबाईंनी पंचफुलाला बोलावलं होतं, दूध घ्यायला आलेले बंडूजीही प्लेट धरून बसले होते. निकेशनं सकाळपासून फुगे फुगवून ठेवले होते. झिपरी गेल्यापासून त्यानं पहिल्यांदाच कशात तरी मन घातलं होतं.

पंखा लावल्यावर फुगे सुटून फरशीभर पळायला लागले. सगळे हसले. प्रेरणाही हसली, आणि मग तिचं हसणं तोंडावरच राहिलं.

फुगे खोलीभर फिरत होते. कपाटाखाली, दाराआड, बंडूजींच्या पायांत. दिवाणासमोर मात्र ते एका ठिकाणी येऊन थांबत, जरासे थरथरत आणि मागे फिरत. दिवाणापुढे फरशीचा अर्धगोल रिकामा होता. आता तो इतका लहान होता की एका टोपल्याखाली झाकला गेला असता.

"फुक बेटा, फुक," सपना मेणबत्ती पुढे करून म्हणाली.

खुशीनं फुंकर मारली नाही. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती, हनुवटी गुडघ्यांत. आणखी आवळायला जागाच नव्हती.

"लाजते," पंचफुला म्हणाली. "कित्ती शांत, बाई!"

प्रेरणा वाकली. मुलीच्या नाकासमोर बोट धरलं. सवयीनं. बोटाला काही लागलं नाही. तिनं बोट आणखी जवळ नेलं. खुशीचे डोळे उघडे होते, समोरच्या फरशीवर, आणि त्यांत भीती नव्हती. आज्ञा पाळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत असतं तेच होतं. सांगितलंय ना, हलायचं नाही. छाती पण नाही.

प्रेरणा ताठ उभी राहिली.

"झालं!" ती ओरडली. आवाज पोटातून आला, घसा फाडत आला. सपनाच्या हातातली मेणबत्ती विझली. "झालं! ये!" आणि तिनं आपल्या डाव्या मांडीवर अशी थाप मारली, की बंडूजी खुर्चीतून अर्धे उठले.

खुशीनं एक लांब, घरघरता श्वास आत ओढला आणि किंचाळली.

आणि दिवाणापासून प्रेरणापर्यंत फुगे बाजूला झाले. एकामागून एक, दोन्हीकडे, मधून कोणी चालत यावं तसे. मग तिच्या साडीच्या निऱ्या डाव्या बाजूनं दबल्या. दिवसभर उन्हात राहिलेला धोंडा पायाला लावावा, तशी ऊब गुडघ्याखाली टेकली आणि स्थिर झाली.

खुशी दिवाणावरून उडी मारून बापाच्या पायांना चिकटली होती. निकेश तिच्याकडे बघत नव्हता. तो प्रेरणाच्या निऱ्यांकडे बघत होता. त्याचा हात गुडघ्यापर्यंत खाली आला, नेहमी थोपटायचा त्या उंचीवर, आणि तिथूनच परत गेला.

"तिले राखाले कोणं लावलं होतं?" त्यानं विचारलं. हळू.

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "मी," प्रेरणा म्हणाली. "साडेअकराला. खुशीला राखायला. रोजच लावायचे. त्या दिवशी दार लावून झोपले. अडीचला उठले. साप नव्हता."

"काय बोलून राह्यली हे?" देवकाबाई इकडे-तिकडे बघत म्हणाल्या. "कोणता साप? काय म्हणते वं हे, पंचफुला?"

पंचफुलानं पदर तोंडाला लावला. बंडूजींनी केक न खाता प्लेट खाली ठेवली आणि चपला शोधायला लागले.

निकेशनं आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. ओरखडे आता बरे झाले होते. नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्या होत्या. तो ओरडला असता तर प्रेरणाला बरं वाटलं असतं. त्यानं खुशीचे हात पायांपासून सोडवले, तिला सपनाकडे दिलं आणि बोरीकडे निघून गेला.

८

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. माणसं गेली. सपना आतल्या खोलीत देवकाबाईंना काहीतरी समजावत होती. प्रेरणा ओट्यावर येऊन उभी राहिली.

एक पाऊल टाकलं, की डाव्या बाजूला धुळीत एक पाऊल. थांबली, की थांबणं. तिनं खाली पाहिलं नाही. काय दिसेल याची तिला भीती नव्हती. तिथं राग नसणार, ही भीती होती. तिला चावायला हवं होतं, गुरगुरायला हवं होतं. त्यातलं काही नव्हतं. नुसत्या धापा, आणि गुडघ्याला टेकलेला तो विश्वास. आता पुढचं काम सांगशील ना?

खुशी अंगणात उतरली होती. महिनाभराचं सगळं पळणं तिच्यात साचलं होतं. तिनं बकऱ्यांचे कान ओढले, बादली लवंडली, पडली, उठली. किंचाळत, हसत, रडत, पुन्हा किंचाळत ती कडुनिंबाभोवती गोल गोल धावत सुटली. तो आवाज भिंतींना आपटून परत येत होता. प्रेरणाच्या कपाळात जुनी, ओळखीची कळ उठली. या आवाजाला ती विटली होती. आज या आवाजासाठी तिनं देवाला काहीही दिलं असतं, आणि तरी ती त्याला विटलीच होती.

खुशी वळली आणि विहिरीच्या वाटेला लागली.

प्रेरणाच्या डाव्या पायाजवळची ऊब उठून उभी राहिली. धापा थांबल्या. खालून कोणीतरी मान वर करून, एकटक, तिच्या तोंडाकडे बघायला लागलं.

"खुशे! थांब!" असं ओरडायला प्रेरणानं तोंड उघडलं. पण ओठ आपोआप गोल झाले होते. जिभेचा शेंडा दातांमागे जागेवर जाऊन बसला होता. छातीत तेवढी हवाही भरलेली होती, लांब, शेवटी उतरत जाणाऱ्या शिटीएवढी.

तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं आणि मुलीमागे धावत सुटली. निऱ्या पायांत अडकत होत्या, चप्पल तुटून मागे पडली होती. डावीकडून तिच्या पावलाला पाऊल लावून कोणीतरी धावत होतं, पुढे न जाता, मागे न राहता, वर तिच्या बोटांकडे बघत, ती कधी बाजूला होतात याची वाट पाहत.